मापट्यावरची शीग

सातवीच्या वर्षी माझं शालन हे नाव जवळजवळ पुसलं गेलं आणि 'त्रैराशिक' हे नवं नाव पडलं. शेजारच्या बाकावरच्या दगडूनं ते ठेवलं आणि सगळ्या वर्गानं उचललं. नाव ठेवण्यासारखी मी होतेच म्हणा. त्या वर्षी दिसेल त्या गोष्टीचं त्रैराशिक मांडायची खोड मला लागली होती. आईनं पाच भाकऱ्यांना चार ओंजळी पीठ घेतलं की मी चुलीपुढं बसून पंधरा भाकऱ्यांचं पीठ सांगायची. एका खेपेला दोन घागरी, तर रांजण भरायला खेपा किती, हे मी उंबऱ्यावर बसून बरोबर सांगायची. खेपा मात्र आईलाच घालाव्या लागत. "हिच्या तोंडाला कुणीतरी भागाकार लावा," असं आई म्हणायची. आता सत्तरीच्या घरात आल्यावर त्या पोरीचा मला राग येत नाही. पण तिच्या शेजारी बसायला मिळालं, तर दंडाला एक चिमटा मात्र जरूर काढीन.

आमचं गाव कराडच्या खालच्या अंगाला, कृष्णेच्या काठी. गावाच्या पूर्वेला आमची वस्ती, चाळीस घरांची. थोरल्यांनी धर्म बदलला तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता, त्यामुळं त्याआधीचं काही मी पाहिलेलं नाही. समाजमंदिर, त्यातली बुद्धाची मूर्ती आणि रोज संध्याकाळची वंदना हेच मला पहिल्यापासून ठाऊक. वडील कोयनानगरच्या वसाहतीत वायरमनच्या हाताखाली होते. पंधरा दिवसांनी एस.टी.नं घरी यायचे, घाटानं अंग घुसळून निघालेलं असायचं, आणि आल्या आल्या ते तांब्याभर ताक मागायचे. घरात आई, मी, धाकटा भाऊ आणि हौसाआत्या. हौसाआत्या वडिलांची थोरली बहीण. लग्न झाल्यावर दोन वर्षांतच नवरा गेला आणि ती परत आली, ती कायमची. मोठ्या हाडापेराची, आवाजानं भारी, हाताचे पंजे पुरुषासारखे. वस्तीत लग्न असो, नामकरण असो, स्वयंपाकाचा डाव तिच्याच हातात. शाळेचं तोंड तिनं पाहिलेलं नव्हतं. किती माणसांना किती डाळ, हे ती माणसांकडं बघून सांगायची, डाळीकडं बघूनसुद्धा नाही.

सकाळी जाग यायची ती आवाजांनी. आधी नदीवरच्या इंजिनाची डुगडुग, मग हंगाम असला तर कारखान्याचा भोंगा, आणि मग आमच्याच अंगणातलं उखळ. आत्या आणि आई समोरासमोर उभ्या राहून खपली सडायच्या. खपली म्हणजे आमच्याकडचा लालसर, लांबट गहू. त्याचं टरफल इतकं चिकट की दाण्याला थोडं पाणी लावून मुसळानं सडल्याशिवाय सुटत नाही. एक मुसळ वर, एक खाली, आणि दोघींच्या बांगड्या त्याच ठेक्यात. मधेच आत्या थांबायची, मूठभर दाणे वर उडवून फुंकायची आणि "हां, आता टरफल सोडलं" म्हणायची. त्या खपलीची खीर आत्या करायची, गूळ, खोबरं, खसखस आणि शेवटाला चिमूटभर सुंठ घालून. सांगलीकडच्या आमच्या मावशा तिला हुग्गी म्हणतात. गॅसवर आणि कुकरमध्ये मीही ती आयुष्यभर केली. चांगली होते, पण ती खीर आणि ही खीर एक नव्हे, हे मला आणि माझ्या भावाला दोघांनाही ठाऊक आहे. आम्ही ते एकमेकांना बोलून दाखवत नाही.

सगळं मोजायला घरात एक मापटं होतं. अर्ध्या शेराचं, लोखंडी, काठाला पितळी पट्टी मारलेलं. दुकानात किलोची वजनं येऊन बरीच वर्षं झाली होती, पण धान्य घरात मापट्यानंच मोजलं जाई. ते आत्याचं मापटं. ती ते कधी रिकामं ठेवत नसे, तळाला चार दाणे तरी असायचेच. आणि भरायची ती शिगेनं. शीग म्हणजे माप काठोकाठ भरल्यावर वर जो निमुळता ढीग राहतो तो. आजच्या मुलांना हा शब्द सांगावा लागतो, कारण पिशवीतल्या धान्याला शीग येत नाही. आत्या कुणाला उसने जोंधळे देताना सुद्धा ओंजळीनं वर घालत राहायची, दाणे कडेनं ओघळायला लागले की थांबायची. मी ते जन्मापासून पाहत होते, म्हणून मला ते कधी दिसलंच नाही.

सातवीला गणित शिकवायला माने गुरुजी होते. धोतर, काळी टोपी, आणि खडू संपत आला तरी नखाच्या टोकावर धरून लिहायची सवय. समप्रमाणाचा धडा त्यांनी पुस्तकातून शिकवलाच नाही. फळ्यावर मधोमध एक उभी रेघ ओढली आणि म्हणाले की डावीकडं एक गोष्ट, उजवीकडं एक गोष्ट. डावीकडची दुप्पट केली की उजवीकडची दुप्पट व्हायलाच पाहिजे, तिप्पट केली की तिप्पट, निम्मी केली की निम्मी. "एका जागी जरी मोडलं, तर ते प्रमाण न्हवं, नुसती वाढ हाय," असं ते म्हणाले. मग त्यांनी दगडूला उभं केलं. एक अंडं उकडायला दहा मिनिटं लागतात, तर चार अंडी उकडायला किती? दगडूनं छाती पुढं काढून चाळीस मिनिटं सांगितली. गुरुजी म्हणाले, "तुझ्या घरी पावणे आलं की उपाशीच जात असत्याल." वर्ग हसला तसा दगडूही हसला. त्याला चूक कळली नव्हती, आणि खरं सांगायचं तर मीही मनात चाळीसच म्हटलं होतं. पुढं त्यांनी वय आणि उंचीचं कोष्टक मांडलं. पाच वर्षांचा पोरगा साडेतीन फूट, तर पन्नास वर्षांचा माणूस पस्तीस फूट. म्हणजे गुरुजींना वर्गात यायला कौलं काढावी लागली असती. नदीत पाय घातल्यासारखं काहीतरी गार गार माझ्या डोक्यात शिरलं. दोन गोष्टी बरोबरीनं वाढतात म्हणून त्या प्रमाणात असतात असं नाही, ते आधी ओळखायचं असतं. एवढं कळल्याचा मला इतका आनंद झाला की मधल्या सुट्टीत मी डबा खायचा विसरले.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकानं घरातलं एक खरं प्रमाण शोधून आणायचं होतं. मी आत्याला विचारलं, खिरीला दहा माणसांमागं खपली किती? ती भाकरी थापत होती, मान वर न करता म्हणाली, "मापटंभर." गूळ? "अर्धा किलो." पाणी? "चार तांबं." मी पाटीवर लिहून घेतलं आणि वर्गात फळ्यावर कोष्टक मांडलं. दहाला एक, वीसला दोन, शंभरला दहा, चारशेला चाळीस. गुरुजींनी कोष्टक खालून वर, वरून खाली तपासलं. "बरोबर. हे समप्रमाण," ते म्हणाले. "फक्त माप शेवटपर्यंत तेच ठेवायचं. वाटी बदलली की सगळं मुसळ केरात." त्या दिवशी गुरुजींनी माझी पाटी मुख्याध्यापकांना नेऊन दाखवली, आणि घरी येईतो मी जमिनीवरून चालत नव्हते.

याच सुमाराला वस्तीत बुद्ध पौर्णिमेची तयारी चालली होती. दर वर्षी समाजमंदिरापुढं वंदना व्हायची आणि खीर वस्तीपुरती व्हायची. त्या वर्षी आमच्या मंडळानं सगळ्या गावाला जेवायला बोलवायचं ठरवलं. मंडळाचा सेक्रेटरी दिनकरदादा, कराडच्या एस.टी. वर्कशॉपमध्ये कामाला होता, त्याची ही कल्पना. आपण आजवर गावाच्या पंगतीला बाजूला बसून जेवलो, आता एकदा गाव आपल्या पंगतीला बसू दे, असं तो म्हणाला. म्हाताऱ्यांना वाटत होतं, कुणी येणार नाही. दिनकरदादा घरोघर जाऊन आमंत्रण देऊन आला. काहींनी हो म्हटलं, काहींनी बघू म्हटलं. धरून चालायचं तर वस्तीची दोनशे आणि गावाची दोनशे अशी चारशे पानं. आता सगळ्या वस्तीला एकच घोर लागला. येणार नाहीत ते येणार नाहीत, पण जे येतील त्यांच्या पुढ्यात खीर कमी पडली किंवा पाणचट निघाली, तर गाव दहा वर्षं तेच बोलत राहील. बोलावलं आणि पाणी पाजून पाठवलं, म्हणतील.

घरटी खपली गोळा करायची, तर त्यात आदल्या वर्षीचं भांडण होतं. एकीनं शीग लावून दिली, दुसरीनं तळहातानं चेपून, तिसरीनं अर्धवट, आणि मग महिनाभर नळावर त्याचीच चर्चा. दिनकरदादाला या वेळी सगळं हिशेबानं हवं होतं. शाळेतलं माझं कोष्टक त्याच्या कानावर गेलं होतंच. त्यानं मला मंडळाच्या बैठकीत बोलावलं, मोठ्या माणसांच्यात, सतरंजीवर. मी उभी राहून सांगितलं: चारशे माणसांना चाळीस मापटी, घरं चाळीस, म्हणजे घरटी एक मापटं, सडलेल्या खपलीचं. गणित इतकं सरळ पडलं होतं की ते माझ्यासाठीच मांडून ठेवलंय असं मला वाटलं. मग कुणीतरी विचारलं, पण कमी-जास्तीचं काय? प्रत्येकीच्या हाताची शीग वेगळी. त्यावरचा उपाय मात्र माझ्या तोंडून निघाला, दुसऱ्या कुणाच्या नाही. मी म्हणाले, एकच मापटं वापरायचं, आमच्या घरचं, आणि पट्टी फिरवून सपाट करायचं. म्हणजे माप शेवटपर्यंत तेच. दिनकरदादानं टाळी वाजवली.

पौर्णिमेच्या दोन दिवस आधी समाजमंदिराच्या ओट्यावर मी बसले. पुढं आत्याचं मापटं, हातात शाळेची लाकडी फूटपट्टी, शेजारी मोठं पातेलं. बायका टोपलीत, पदरात, डब्यात खपली घेऊन आल्या. प्रत्येकीनं मापटं भरायचं आणि मी काठावरून पट्टी फिरवायची. वरचे दाणे खालच्या ताटात पडत. ते मी तिचे तिला परत देत असे, कुणाचं जास्त घ्यायचं नाही म्हणून. काहीजणी म्हणाल्या, असू दे की गं पोरी, पुनवेच्या कामाला आणलंय. मी नाही म्हणाले. एक म्हातारी दाणे पदरात घेताना माझ्याकडं जरा वेळ बघत राहिली. मला वाटलं, तिला दिसत नसेल.

आत्या शेवटच्या पाच-सहा जणींत आली. तिनं मापटं भरलं, वर ओंजळ घातली, कडेनं बोटांनी थापटलं, आणखी अर्धी ओंजळ घातली. मी पट्टी उचलली.

"थांब की. भरू दे," आत्या म्हणाली.

"भरलं की आत्या."

"भरलं न्हाई अजून."

"काठाच्या वरचं मोजत न्हाईत," मी म्हणाले आणि पट्टी फिरवली.

आत्यानं ताटातले दाणे ओंजळीत घेतले, पदरात टाकले, गाठ मारली. "व्हय का," एवढंच म्हणाली आणि निघून गेली.

संध्याकाळी घरी तिनं भाकरी वाढली, आमटी वाढली. मग पदराची ती गाठ तशीच ठेवून शेजारच्या घरात गेली, तिथून पुढच्या घरात. दारातून मला ती दिसत होती, एका घरातून निघायची, दुसऱ्यात शिरायची. मला वाटलं, ही माझी गाऱ्हाणी सांगत फिरतीय. मी आईजवळ कुरकुरले. आईनं चुलीतला जाळ मागं ओढला आणि पहिल्यांदाच मला ती गोष्ट सांगितली. आत्या आठ-नऊ वर्षांची असताना आजीबरोबर खळ्यावर जायची, वर्षभराच्या कामाचं धान्य मागायला. मालक माप भरायचा आणि देताना कोपरापासून हात फिरवून ते सपाट करायचा. स्वतःचं घ्यायचं माप मात्र शिगेचं. हात फिरला की आजी मान खाली घालायची आणि आत्या ती खाली गेलेली मान बघायची. धर्म बदलला, वस्तीनं खळ्यावर जायचं सोडलं, तेव्हा आत्या कराडच्या बाजारात गेली, हे मापटं घेऊन आली आणि घरात सांगितलं, ह्या मापट्यावर कुणी हात फिरवायचा न्हाई. "आन तू वन्संच्याच मापट्यावर, चारचौघींत, वन्संच्याच खपलीवर पट्टी फिरवलीस," आई म्हणाली.

मला लाज वाटली. खरी वाटली, कानशिलं तापली. पण मी बारा वर्षांची होते आणि माझ्याकडं कोष्टक होतं. मी मनात म्हणत राहिले, वाईट दिसलं असेल, पण हिशेब बरोबर आहे. हे असं म्हणणारी माणसं पुढं आयुष्यात मला पुष्कळ भेटली, आणि प्रत्येक वेळी मला हातातली ती फूटपट्टी आठवली.

पौर्णिमेच्या पहाटे वडिलांनी वसाहतीच्या भोजनगृहातून मागून आणलेली तीन मोठी पातेली चरातल्या चुलींवर चढली. खपली रात्रभर भिजली होती. कोष्टकाप्रमाणं पाणी, एकशेसाठ तांबे, आठ घागरी. गूळ वीस किलो, दोन ढेपा. मी पाटी घेऊन एकेक खूण करत होते. सूर्य वर आला, गव्हाचा फुललेला वास सुटला, पोरं भोवती जमली, समाजमंदिरात पताका लागल्या. नऊ-साडेनऊला गूळ पडला आणि खिरीला रंग चढला. आत्यानं डाव बुडवला, वर उचलला आणि तिरका केला. खीर डावाला धरेना, ताकासारखी घळाघळा वाहून गेली. तिनं दुसऱ्या पातेल्यात डाव घातला, मग तिसऱ्या. तिन्हीकडं तेच. दिनकरदादा म्हणाला, अजून शिजायची असेल. आई म्हणाली, दाणा तर शिजून फुटलाय. आटवत बसलो तर पानं तीनशेच्या वर होईनात, आणि न आटवता वाढली तर गाव म्हणेल, पाणी ओतून वाढवली. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पाटीकडं बघितलं. पाटीवर सगळं बरोबर होतं.

आत्या मात्र चुलीपासून उठून किसलेलं खोबरं मोजायला बसली होती. त्याच मापट्यानं. भरलं, ओंजळीनं वर घातलं, कडेनं थापटलं. पितळी काठाच्या वर खोबऱ्याचा पांढरा ढीग उभा राहिला आणि मी त्याच्याकडं बघतच राहिले. जन्मापासून बघत आलेली गोष्ट मला त्या दिवशी दिसली. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"आत्या, दहा माणसांना मापटंभर म्हणालीस, ते शिगेचं?"

"मग? बिनशिगेचं मापटं आपल्या घरात कवा बघितलंस?"

मापटंभर. तिच्या तोंडी भरणं म्हणजे काठाच्या वर जाणं, आणि मी भरणं मोजलं होतं ते काठापर्यंत. गुरुजींनी माप तेच ठेवायला सांगितलं होतं. मी मापटं तेच ठेवलं आणि माप बदललं. फळ्यावरच्या डाव्या बाजूला मी आत्याची माणसं लिहिली आणि उजव्या बाजूला माझी पट्टी. शिगेच्या चार मापट्यांत सपाट पाच बसतात, हे मला तेव्हा तिथंच कळलं, खोबऱ्याकडं बघून. म्हणजे चाळीस सपाट म्हणजे बत्तीस शिगेची. तीनशेवीस माणसांची खीर, आणि पाणी चारशेंचं. ऐंशी माणसं मी पट्टीनं पुसून टाकली होती. भुईनं पोटात घ्यावं असं वाटलं. तेवढ्यात कुणीतरी ओरडत आलं की गावाकडनं माणसं निघाली, माने गुरुजी सगळ्यात पुढं, बायकोला घेऊन.

मी नुसती आत्याचा पदर धरून बसले. तिनं हात झाडले आणि आईला हाक मारली. "जा. सांगावा दे समद्यास्नी. म्हणावं, आणा."

आई पहिल्या घरापर्यंत पोचायच्या आत तिथली बाई दारात उभी होती, हातात झाकलेला तांब्या. मग पलीकडची, हातात पितळी वाडगं. मग एकीमागून एक. तांबे, गडवे, बारकी पातेली, एकीकडं तर नातवाचा दुधाचा टोप. प्रत्येकात शिजलेली खपली, मऊ, फुललेली, गरम. मी परत दिलेली शीग. दोन दिवसांपूर्वी संध्याकाळी आत्या घरोघर फिरली होती ती हे सांगत, की पोरीनं दिलेली शीग वेगळी ठेवा, चुलीत उरलेल्या जाळावर पुनवेच्या सकाळी शिजवा, आणि मी सांगेपर्यंत आणू नका. चाळीस घरांतल्या चाळीस शिगा. ती म्हातारी, जिला दिसत नसेल असं मला वाटलं होतं, तिनं स्वतः काठी टेकत येऊन वाडगं पातेल्यात उपडं केलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी रडत होते हे मला तेव्हा कळलं. आत्यानं पातेली हलवली, तासभर बारीक जाळावर ठेवली आणि डाव उचलून तिरका केला. खीर डावाला धरून राहिली.

गाव आलं. दोनशे आलं की नाही मोजायला मला कुणी सांगितलं नाही आणि मीही मोजलं नाही. पहिल्या पंगतीला थोडे होते, एकमेकांकडं बघत बसलेले. गुरुजी मधोमध मांडी घालून बसले आणि पत्रावळीवरची खीर बोटांनी खायला लागले, तेव्हा बाकीच्यांचे हात चालू झाले. दुसऱ्या पंगतीला जागा पुरेना. पाच पंगती उठल्या, आणि संध्याकाळी पोरांना खरवडायला एका पातेल्याच्या तळाला खीर उरली होती.

गुरुजींच्या पत्रावळीवर दुसऱ्यांदा वाढायला मीच गेले होते. त्यांनी वर बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय त्रैराशिक, आला का हिशेब बरोबर?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगते. पण मागून आत्याचा भारी आवाज आला.

"आला की गुरुजी. ऐनवेळंला कमी पडू ने म्हणून पोरीनं घरटी शीग राखून ठेवलीवती. लय डोक्याची हाय."

गुरुजींनी मान डोलावली. "शाब्बास," म्हणाले, आणि खाऊ लागले. आत्या पुढच्या पानाकडं गेली. माझ्याकडं तिनं बघितलंही नाही.

त्यानंतर आत्याशी मी यावर बोलायचा प्रयत्न दोनदा केला. पहिल्यांदा मी विचारलं की सपाट कमी पडणार हे तुला आधीच ठाऊक होतं, तर ओट्यावरच का नाही सांगितलंस? ती म्हणाली की सांगितलं होतं, भरलं न्हाई म्हणून. दुसऱ्यांदा मी माफी मागितली, तेव्हा तिनं मापटं माझ्यापुढं ठेवलं आणि शेजारणीला जोंधळे मोजून द्यायला सांगितलं. मी शीग लावली. दोनदा दाणे ओघळले, तिसऱ्यांदा उभी राहिली. तिनं नुसतं हूं केलं.

पुढं मी सांगलीत तेहतीस वर्षं गणित शिकवलं. समप्रमाणाचा धडा आला की मी तांदूळ आणि दोन सारख्या वाट्या वर्गात न्यायची. एका पोराला एक वाटी भरायला सांगायची, मग दुसऱ्याला दुसरी, आणि दोघांनी भरलेल्या वाट्या वर्गापुढं ठेवून विचारायची, भरणं म्हणजे कुठवर? पोरं भांडायची, मला ते भांडण आवडायचं. कोष्टक त्यानंतर. आत्याचं मापटं आज माझ्याकडं आहे, स्वयंपाकघरात, तळाला चार दाणे ठेवून. सून किलोच्या काट्यावर डाळ मोजते आणि मग माझ्याकडं बघून वर एक मूठ घालते. मी तिला कधी सांगितलेलं नाही, तिची तीच घालते.

गुरुजी जाऊन फार वर्षं झाली. निवृत्त झाल्यावर ते मला कराडच्या स्टँडवर एकदा भेटले होते, तेव्हाही सोबतच्या माणसाला त्यांनी खिरीची आणि राखलेल्या शिगेची गोष्ट मोठ्या कौतुकानं सांगितली, आणि मी ऐकून घेतली. आत्या तेव्हा होती. तिचं खोटं मोडायचा मला धीर झाला नाही. आता दोघंही नाहीत, म्हणून इथं लिहून ठेवते. गुरुजी, माझा हिशेब चुकला होता. शीग आत्यानं राखली होती.